चंद्रावरची वटवाघळे आणि निब्लोच्या बागेतली वृद्धा

ऑगस्ट १८३५. न्यू यॉर्कच्या रस्त्यावर एक सेंट मोजणाऱ्या कोणालाही चंद्रावरचे रहिवासी कसे दिसतात याची सविस्तर माहिती मिळत होती. उंची सरासरी चार फूट, चेहरा सोडून सर्वांगावर तांबूस तुकतुकीत केस आणि पाठीवर वटवाघळासारखे पातळ पडद्याचे पंख. हे प्राणी हातवारे करीत आपसांत संभाषण करतात, त्याअर्थी ते विचारी असले पाहिजेत, असा निष्कर्ष बातमीत काढला होता. त्यांच्या काही करमणुकी मात्र पृथ्वीवरील सभ्यतेच्या कल्पनांत बसणाऱ्या नसल्याचेही तितक्याच गांभीर्याने सांगितले होते. त्यांचे वर्णन अर्थातच गाळले होते.

त्याच महिन्यात त्याच शहरात, ब्रॉडवेवरील ‘निब्लोज गार्डन’ या करमणुकीच्या बागेत एक आंधळी, दात पडलेली, पाय आणि डावा हात लुळा पडलेली कृष्णवर्णीय वृद्धा कोचावर पडून असे. तिचे वय १६१ वर्षे असून तिने बालपणी जॉर्ज वॉशिंग्टनला सांभाळले होते, अशी जाहिरात शहरभर लागली होती. तिकीट काढून लोक तिला पाहत, प्रश्न विचारत, तिच्या कातडीला हात लावून बघत. तिचे नाव जॉइस हेथ. तिला तेथे आणणारा पंचवीस वर्षांचा तरुण म्हणजे फिनिअस टी. बार्नम. पुढे जगातला सर्वांत प्रसिद्ध तमाशेवाला झालेल्या या माणसाचा हा पहिला धंदा.

चंद्राची बातमी लिहिणारा माणूस सहा महिन्यांनी या वृद्धेच्या शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभा होता. त्या काळच्या न्यू यॉर्कने कशाची थट्टा केली आणि कशाची केली नाही, हे समजून घ्यायचे तर दोन्ही प्रकरणे एकत्रच वाचावी लागतात.

‘सन’ हे वृत्तपत्र बेंजामिन डे या मुद्रकाने ३ सप्टेंबर १८३३ रोजी सुरू केले. तोवर न्यू यॉर्कची प्रतिष्ठित पत्रे सहा सेंटला मिळत आणि व्यापारी ती वर्गणी भरून घेत. त्यांत जहाजांच्या वेळा, मालाचे भाव आणि राजकारण्यांची लांबलचक भाषणे असत. डे याने किंमत एक सेंट ठेवली आणि रस्त्यावर ओरडून अंक विकणारी पोरे नेमली. पोलीस कोर्टातील दारुडे, नवराबायकोची भांडणे, आगी, खून ही त्याची सामग्री. मोलमजुरी करणारा माणूसही वृत्तपत्र विकत घेऊ शकतो, हा शोध त्याच्या नावावर जमा आहे.

डेचा पहिला भागीदार जॉर्ज विझनर हा गुलामगिरीचा विरोधक होता आणि संधी मिळेल तेव्हा तो त्या विषयावर चार ओळी अंकात घुसवी. डेला ते रुचत नसे. १८३५च्या उन्हाळ्यात विझनर आपला वाटा विकून बाहेर पडला आणि त्याच्या जागी रिचर्ड अ‍ॅडम्स लॉक हा इंग्लंडहून आलेला पत्रकार आठवड्याला १२ डॉलर पगारावर रुजू झाला. पहिल्याच मोसमात त्याने पत्राला जे मिळवून दिले ते पाहता हा पगार स्वस्तच म्हटला पाहिजे.

२५ ऑगस्टपासून लॉकची लेखमाला सहा हप्त्यांत छापली गेली. लेखक म्हणून त्याचे नाव कोठेही नव्हते. हा मजकूर एडिनबरोच्या एका विज्ञानपत्रिकेच्या पुरवणीतून घेतला असून सर जॉन हर्शेल यांचा सहकारी डॉ. अँड्र्यू ग्रँट याने तो लिहिला आहे, असे सांगण्यात आले. ती पत्रिका केव्हाच बंद पडली होती आणि डॉ. ग्रँट कधी जन्मालाच आला नव्हता. हर्शेल मात्र खरे होते. त्या पिढीतील अग्रगण्य खगोलशास्त्रज्ञ असलेले हर्शेल जानेवारी १८३४पासून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप येथे दक्षिणेकडील आकाशाचे निरीक्षण करीत होते. केपला पत्र पाठवून खरेखोटे करून घ्यायचे तर कित्येक महिने लागणार. सगळी मेख येथेच होती.

पहिला हप्ता जवळजवळ संपूर्णपणे दुर्बिणीवर खर्च झाला आहे, आणि लॉकचे कौशल्य खरे तर येथे दिसते. चोवीस फूट व्यासाचे, सुमारे सात टन वजनाचे भिंग, ४२,००० पट विवर्धन, भिंगातील प्रतिमा पुन्हा उजळवून पडद्यावर टाकणारे सूक्ष्मदर्शक यंत्र. हर्शेल यांच्या खऱ्या दुर्बिणीचा आरसा जेमतेम दीड फुटांचा होता. आकड्यांच्या या रुक्ष माऱ्याने वाचक नमला की मग पुढच्या हप्त्यांत त्याला काहीही खाऊ घालता येते. प्रथम फुले आणि स्फटिकांचे सुळके. मग रानगव्यांसारखे कळप आणि एकशिंगी निळसर बोकड. नंतर दोन पायांवर चालणारे, पिल्ले हातात धरून नेणारे आणि झोपड्यांत राहणारे बीव्हर, ज्यांच्या झोपड्यांतून धूर निघे, म्हणजे अग्नीचा वापरही त्यांना ठाऊक होता. चौथ्या दिवशी वटवाघूळ-मानव. त्यांना शास्त्रोक्त लॅटिन नावही बहाल केले होते. पाचव्या दिवशी नीलमण्यांचे मंदिर. शेवटच्या दिवशी दुर्बीण चुकून सूर्यासमोर राहिली, भिंगाने किरण एकवटले आणि वेधशाळेला भोक पडले, म्हणून संशोधन थांबले. गोष्ट संपवण्याची इतकी निर्लज्ज आणि इतकी सोयीस्कर युक्ती क्वचितच कोणाला सुचली असेल.

चौथ्या हप्त्याच्या दिवशी ‘सन’ने आपला खप १९,३६० असल्याचे जाहीर केले. लंडनच्या ‘टाइम्स’चा खप तेव्हा १७,००० होता. जगातील सर्वाधिक खपाचे दैनिक आपणच, अशी फुशारकी डेने मारली. लेखमालेची पुस्तिका निघाली, चित्रे निघाली, बॉवरी नाट्यगृहात चंद्रावरील शोधांवर प्रहसनही रंगमंचावर आले.

ही लोणकढी थाप लोकांना खरी का वाटली, याचे उत्तर ‘लोक भोळे होते’ एवढ्यावर संपत नाही. हॅलेचा धूमकेतू त्याच मोसमात परतणार होता आणि सर्वांच्या नजरा आधीच आकाशाकडे लागलेल्या होत्या. म्युनिकचे खगोलशास्त्रज्ञ ग्रुइटहुइझेन यांनी १८२४मध्ये चंद्रावर तटबंदीचे नगर दिसल्याचा दावा केला होता. जॉन हर्शेल यांचे वडील विल्यम हर्शेल म्हणजे युरेनसचा शोध लावणारे शास्त्रज्ञ. त्यांनी तर १७९५मध्ये रॉयल सोसायटीपुढे सूर्यावरही वस्ती असावी असे प्रतिपादन केले होते. थॉमस डिक या स्कॉटिश लेखकाचे ग्रंथ अमेरिकेत घरोघरी वाचले जात. ईश्वर एवढे गोल रिकामे कशाला ठेवील, हा त्यांचा मुख्य युक्तिवाद. पुढे त्यांनी इंग्लंडची दर चौरस मैली २८० माणसे हे प्रमाण धरून सूर्यमालेची लोकसंख्याही काढली: २,१८,९१,९७,४४,०४,४८०. चंद्राच्या वाट्याला त्यांतले ४२० कोटी आले. शेवटचे ४८० कोठे राहतात, हे त्यांनी सांगितले नाही. पंडितांची गणिते या थराला गेली असताना एका सेंटच्या पत्राने चार फुटी वटवाघळे दाखवली, तर त्यात अघटित असे काय?

आता प्रतिक्रियांकडे वळावे. सर्व जण फसले आणि मग सर्व जण शरमले, असा या प्रकरणाचा वृत्तान्त पुष्कळदा दिला जातो. तो खरा नाही. ‘ईव्हिनिंग पोस्ट’ने कोटी केली की चंद्रावर एवढा प्रकाश पाडण्याचे काम ‘सन’ने, म्हणजे सूर्याने, करावे हे उचितच आहे, आणि पंख असलेल्या माणसांच्या कथा तर पृथ्वीवरही आहेत. शहराचे माजी महापौर फिलिप होन यांनी आपल्या रोजनिशीत हे खरे असेल तर कमालीचे अद्भुत आहे आणि कल्पित असेल तर याची जागा गलिव्हर आणि रॉबिन्सन क्रूसो यांच्या पंक्तीला आहे, अशा आशयाची नोंद केली. हा माणूस फसलेलाही नाही आणि रागावलेलाही नाही. गंमत हातची जाऊ नये एवढीच त्याची काळजी. कित्येक वाचकांनी मजकूर असाच, एक डोळा मिटून वाचलेला दिसतो.

येल विद्यापीठातील प्राध्यापक मूळ पत्रिका तपासण्यासाठी न्यू यॉर्कला आले आणि लॉकने त्यांना या छापखान्यातून त्या छापखान्यात हेलपाटे घालायला लावले, ही कथा पुढे बरीच गाजली. ती सांगणारे पुस्तक सतरा वर्षांनंतरचे आहे, म्हणून तिच्यावर फार भार टाकू नये. इंग्रज लेखिका हॅरिएट मार्टिनो यांनीही असाच एक किस्सा दिला आहे. चंद्रवासीयांपर्यंत ख्रिस्ताचा संदेश नेण्याचे काही साधन विज्ञानाजवळ आहे काय, अशी पृच्छा करणारे पत्र अमेरिकेतील बॅप्टिस्ट पाद्र्यांनी हर्शेल यांना केपला पाठवले म्हणे. परंतु हा किस्सा सांगणारे हर्शेलचे स्नेही गंभीरपणे सांगत होते की चंद्रकथेच्याच चालीवर, हे आपल्याला कळले नाही, अशी पुस्तीही मार्टिनोबाईंनी जोडली आहे. थाप मारली गेल्यावर तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांच्याही थापा तयार होतात. त्या अधिक टिकाऊ असतात, कारण त्या ऐकताना प्रत्येकाला आपण शहाणे असल्याचे समाधान मिळते.

खुद्द हर्शेल यांना ही पुस्तिका केपमध्ये जनावरे खरेदी करायला आलेल्या एका अमेरिकन प्राणिसंग्रहालयवाल्याकडून मिळाली असे सांगतात. चंद्रावरच्या प्राण्यांची वार्ता घेऊन जायला याहून योग्य दूत शोधूनही सापडला नसता. आरंभी त्यांना मजा वाटली. जानेवारी १८३७मध्ये आत्या कॅरोलिन यांना लिहिलेल्या पत्रात मात्र त्यांनी इंग्रजी, फ्रेंच, इटालियन आणि जर्मन अशा चार भाषांतून येणाऱ्या या कटकटीबद्दल वैताग व्यक्त केला आहे.

खरोखर संतापले ते दोघे. एक एडगर अ‍ॅलन पो. त्यांची फुग्यातून चंद्रावर जाण्याची कथा जूनमध्येच एका मासिकात सुरू झाली होती. आपली कल्पना चोरीस गेली असे समजून त्यांनी तिचा पुढचा भाग लिहिण्याचे सोडून दिले. नंतर त्यांनी लॉकची मुक्तकंठाने स्तुती केली आणि १८४४मध्ये त्याच ‘सन’मध्ये अटलांटिक ओलांडणाऱ्या फुग्याची स्वतःची थापही छापून घेतली. दुसरे ‘हेरल्ड’चे संपादक जेम्स गॉर्डन बेनेट. हेही एका सेंटचेच पत्र, मे १८३५मध्ये निघालेले. १२ ऑगस्टच्या आगीत त्याचा छापखाना जळाला, आणि प्रतिस्पर्धी चंद्रावर पोहोचला तेव्हा बेनेट यांच्याजवळ अंक छापायला यंत्रही नव्हते. ३१ ऑगस्टला ‘हेरल्ड’ पुन्हा निघाला तो थेट लॉकचे नाव घेऊनच. भंडाफोड अचूक होता, पण त्याने ‘सन’चे काहीच बिघडले नाही. थाप उघडी पडल्यावर खप घसरला नाही, ही गोष्ट मुद्रण-व्यवसायातील सर्वांनी ध्यानात ठेवली.

१६ सप्टेंबरला ‘सन’ने या विषयावर अग्रलेख लिहिला. ही थाप असल्याची शंका लोक घेतात खरे, पण इंग्लंड-स्कॉटलंडच्या पत्रांकडून खुलासा येईपर्यंत निर्णय कसा द्यावा, अशी मखलाशी त्यात आहे. त्यापुढचे वाक्य अधिक महत्त्वाचे. या कथेला थाप मानणारेही तिची तारीफ करतात, कारण गुलामगिरीच्या उच्चाटनाचा जो कडवट वाद देशात माजला आहे त्यापासून तिने लोकांचे मन काही काळ दुसरीकडे वळवले, असे ‘सन’ने अभिमानाने म्हटले.

तो वाद त्या उन्हाळ्यात कोठवर पोहोचला होता? २९ जुलै रोजी चार्ल्स्टन येथे जमावाने टपाल कचेरी फोडून गुलामगिरीविरोधी पत्रकांच्या थैल्या पळवल्या आणि दुसऱ्या रात्री त्यांची होळी केली. न्यू यॉर्कमध्येच आदल्या वर्षी गुलामगिरीविरोधकांच्या घरांवर आणि चर्चवर हल्ले झाले होते. ऑक्टोबरमध्ये बॉस्टनला विल्यम लॉइड गॅरिसन यांना जमावाने दोरी बांधून रस्त्यातून फरफटवले. या सर्वांच्या मधोमध, ऑगस्टअखेरीस, चंद्रावरील मंदिराचे छप्पर कोणत्या धातूचे आहे यावर शहर वाद घालत होते. लॉक स्वतः गुलामगिरीच्या विरोधात होता. त्याच्या लेखणीतून उतरलेल्या गमतीला त्याच्याच पत्राने हे प्रशस्तिपत्र द्यावे, यातील उपरोध त्याला जाणवला नसेल असे मानणे कठीण आहे.

जॉइस हेथकडे परत यावे. न्यू यॉर्क राज्यात १८२७पासून गुलामगिरी बंद होती. बार्नमने १,००० डॉलर मोजले ते कागदोपत्री तिला ‘दाखवण्याच्या हक्का’साठी. शब्द बदलला की कायद्याचे समाधान होत असे. तिच्यासोबत १७२७ सालचे एक जीर्ण विक्रीपत्र मिळाले होते, त्यावर जॉर्ज वॉशिंग्टनच्या वडिलांचे नाव होते. ती स्तोत्रे गाई, ‘छोट्या जॉर्ज’च्या आठवणी सांगे. न्यू इंग्लंडमध्ये गुलामगिरीविरोधकांनी आक्षेप घेतील म्हणून, प्रदर्शनाचे उत्पन्न तिच्या पणतवंडांना गुलामीतून सोडवण्यासाठी जाणार आहे अशी बातमी पसरवण्यात आली. ती साफ खोटी होती. बॉस्टनला गर्दी ओसरू लागली तेव्हा ही बाई मुळी माणूसच नाही, व्हेलची हाडे, रबर आणि स्प्रिंगा यांचे यंत्र आहे, अशी कंडी पिकली. बार्नमच्या आत्मचरित्रानुसार आधी येऊन गेलेले लोक खात्री करून घ्यायला पुन्हा तिकीट काढून आले. चंद्रावरच्या वटवाघळांना माणुसकी बहाल करायला उत्सुक असलेला हा देश कोचावर पडलेल्या बाईला स्प्रिंगा आहेत का ते चाचपत होता.

१९ फेब्रुवारी १८३६ रोजी जॉइस हेथ मरण पावली. २५ तारखेला ब्रॉडवेवरील ‘सिटी सलून’मध्ये तिचे जाहीर शवविच्छेदन झाले. तिकीट ५० सेंट आणि प्रेक्षक सुमारे १,५००. डॉ. डेव्हिड रॉजर्स यांनी हाती सुरी घेतली, आणि त्यांचा स्नेही रिचर्ड अ‍ॅडम्स लॉक वार्ताहर म्हणून शेजारी हजर होता. अशा प्रयोगाच्या औचित्याबद्दल ‘सन’ने आधी थोडी कुरकुर केली होती, मात्र तिचा मुख्य आधार असा की या देहाने महान वॉशिंग्टनला खेळवले होते. तिचे स्वतःचे काही म्हणणे असू शकते, हा मुद्दा ‘सन’लाच काय, कोणत्याच पत्राला सुचला नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्या इतक्या वृद्ध देहात जशा कठीण व्हायला हव्यात तशा झालेल्या नाहीत, म्हणजे वय फार तर ऐंशी, असा डॉक्टरांचा निर्वाळा. दुसऱ्या दिवशी लॉकने ‘सन’मध्ये हे ढोंग उघडे पाडल्याचा वृत्तान्त छापला. सहा महिन्यांपूर्वी चंद्र वसवणारा माणूस आता सत्याचा कैवारी झाला होता, आणि या खेपेस तो खरेच सांगत होता.

बेनेट यांना हे सहन होणे शक्य नव्हते. बार्नमचा मदतनीस लेव्ही लायमन त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला की कापली गेली ती हार्लेमची कोणी दुसरीच वृद्धा होती. जॉइस हेथ कनेक्टिकटमध्ये सुखरूप आहे. २७ तारखेच्या ‘हेरल्ड’ने ‘सन’ पुन्हा तोंडघशी पडला असे जाहीर करून टाकले. चंद्राची थाप पकडणारा हा चाणाक्ष संपादक केवळ लॉकचे म्हणणे खोटे ठरते या मोहाने गळाला लागला. एवढ्यावरही त्यांचे समाधान झाले नाही. सप्टेंबरमध्ये त्याच लायमनने सांगितलेली बार्नमची ‘खरी हकीकत’ त्यांनी लेखमाला म्हणून छापली, आणि तीही बनावट होती. दोन्ही पत्रे एकमेकांची टर उडवण्यात दंग होती. तिकिटाच्या पैशाचा हिशेब बार्नमने कोणाला द्यावा लागला नाही.

लॉकने १८३६मध्ये ‘सन’ सोडून ‘न्यू एरा’ हे स्वतःचे एका सेंटचे पत्र काढले. त्यात आफ्रिकेत बुडालेला प्रवासी मुंगो पार्क याच्या हरवलेल्या हस्तलिखिताची नवी थाप त्याने सुरू केली, पण संपादक कोण आहे हे ठाऊक असल्याने वाचकांनी ती मनावर घेतली नाही. १८४०मध्ये एका साप्ताहिकाला लिहिलेल्या पत्रात त्याने चंद्रकथेचे लेखकत्व मान्य केले. आपला रोख थॉमस डिक यांच्यासारख्यांवर होता, विज्ञानाच्या नावाखाली ईश्वरशास्त्र विकणाऱ्यांची ती टवाळी होती, असे त्याचे म्हणणे. डिक यांनी आधीच आपल्या ग्रंथात सत्याशी असा खेळ करणाऱ्यांना खडसावले होते. त्याच ग्रंथात चंद्राच्या ४२० कोटी रहिवाशांचा आकडा आहे.

पुढे लॉकने पत्रकारिता सोडली आणि न्यू यॉर्कच्या जकात खात्यात नोकरी धरली. फेब्रुवारी १८७१मध्ये स्टेटन आयलंडवर तो निवर्तला. दोन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, बार्नमने ब्रुकलिनला आपल्या नव्या सर्कशीचा तंबू ठोकला.